शेवटचं किलोभर पाणी

मेपलच्या झाडातून झरणारा रस चाखून पाहिला तर तो जवळजवळ पाण्यासारखाच लागतो. घोट गिळून झाल्यावर गोडाची पुसटशी जाणीव मागे राहते, इतकंच. अशा १०० किलो रसात साखर असते साधारण २ किलो; बाकी सगळं पाणी. हा रस आटवायला घेतला की त्याचं सिरप होईपर्यंत सुमारे ९७ किलो पाणी वाफ होऊन जातं आणि तीनेक किलो सिरप हाती लागतं. त्या सिरपची कोरडी साखर करायची तर आणखी जेमतेम किलोभर पाणी घालवावं लागतं.

उत्तर अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतकऱ्यांनी साखर कशी केली, कशी साठवली आणि कशी वापरली, हे नीट समजून घ्यायचं असेल तर या शेवटच्या किलोभर पाण्यापाशी थांबावं लागतं. आधीच्या ९७ किलोंनी जंगलातली लाकडं खाल्ली. शेवटच्या एका किलोनं माणसांचं सगळं कसब मागितलं, आणि ती साखर कुठे ठेवायची, कशी विकायची, स्वयंपाकात कशी घालायची हेही ठरवून टाकलं.

आज मेपल म्हटलं की सिरपची बाटली डोळ्यांसमोर येते. पण अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क किंवा अप्पर कॅनडाच्या जंगलात शेत काढणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीनं सिरप हा वाटेतला मुक्काम होता. तिथे थांबणं परवडणारं नव्हतं. सिरपमध्ये दोन तृतीयांश साखर असली तरी एक तृतीयांश पाणी उरलेलं असतं. हवाबंद डब्यात नसेल तर त्याच्या पृष्ठभागावर बुरशी धरते, आणि आटवताना थोडं पातळ राहिलं असेल तर उन्हाळ्यात ते फसफसून आंबतं. हवाबंद पत्र्याचे डबे घरोघरी पोहोचायला अजून अवकाश होता आणि काचेची भांडी महाग होती. शेतकऱ्याच्या घरी होती ती लाकडाची पिंपं, लाकडाच्या बादल्या, मातीच्या बरण्या. कोरड्या साखरेला मात्र असली भांडीही चालतात. बुरशीला आणि यीस्टला वाढायला पाणी लागतं, आणि साखरेत ते मिळत नाही. उलट साखरच त्या सूक्ष्मजीवांच्या पेशींतलं पाणी ओढून घेते. मीठ लावून मांस टिकवताना जे घडतं, तेच इथे. वर्षातून एकदाच, पाच-सहा आठवडे मिळणारी गोडी पुढच्या मार्चपर्यंत पुरवायची तर तिच्यातलं ते शेवटचं पाणी काढणं भाग होतं.

घरीच साखर करण्याची वेळ का यावी, हाही प्रश्न आहे. उसाची साखर तेव्हा मिळत होती. ती बार्बाडोस, जमैका अशा वेस्ट इंडीजच्या बेटांवरून येई, गुलामांच्या श्रमातून तयार झालेली. शुद्ध पांढरी साखर कठीण शंकूच्या आकारात, कागदात गुंडाळून विकत. घरात ती चिमट्यासारख्या अडकित्त्यानं फोडून वापरत. केंटकी आणि टेनेसीत तर साखर ठेवायला कुलपाची खास लाकडी पेटी असे, आणि किल्ली घरच्या मालकिणीकडे. किनाऱ्यावरच्या शहरात ज्यांना ही साखर परवडे त्यांना परवडे. बंदरापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर, नुकतीच झाडं तोडून वसलेल्या शेतकऱ्याच्या हातात रोकड नव्हती. त्याच्याकडे भरपूर होती ती झाडं, सरपण, आणि हिवाळा संपतानाचा रिकामा वेळ. नांगर घालायला जमीन अजून गोठलेली, शेतावर बर्फ, घरातला धान्यसाठा तळाला गेलेला. नेमक्या त्याच दिवसांत मेपल रस देतो.

तो तेव्हाच का देतो, हे झाडाच्या आत पाहिल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात पानांनी तयार केलेलं अन्न मेपल आपल्या खोडात स्टार्चच्या रूपात साठवतो आणि थंडीत त्याची साखर होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा वर, असा खेळ चालतो. रात्री खोडातल्या तंतूंमधली हवा आकसते, बर्फ धरतो, आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं. दिवसा बर्फ वितळतो, कोंडलेली हवा पसरते आणि रसावर दाब येतो. त्या वेळी खोडाला छिद्र असेल तर रस बाहेर झरतो. नुसती थंडी राहिली तर रस येत नाही, नुसती ऊब राहिली तरी येत नाही. एका छिद्रातून हंगामभरात साधारण ४० लिटर रस मिळतो, म्हणजे सगळं नीट जमलं तर किलोच्या थोडी आत साखर. झाडही छिद्र सोसण्याइतकं जाड व्हायला चाळीसेक वर्षं घेतं.

हे सगळं ज्ञान वसाहतकऱ्यांचं नव्हतं. अनिशिनाबे, अबेनाकी, हौडेनोशौनी अशा तिथल्या मूळच्या लोकांना कोणतं झाड, कोणते दिवस, रस कसा धरायचा, हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. त्यांच्याकडून ते गोऱ्या लोकांनी घेतलं. धातूची भांडी व्यापारातून येण्याआधी तिथे कोरडी साखर कितपत होत असे, यावर इतिहासकारांत बराच वाद झाला आहे. मला त्या वादाचा रोख थोडा चुकीच्या जागी वाटतो. रस रात्रभर उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी वर धरलेला बर्फ फेकून द्यायचा, ही रीत त्यांच्याकडे होती. त्या बर्फात जवळपास नुसतं पाणीच जातं आणि गोडी खाली उरते. सरपणाची काडीही न जाळता बरंच पाणी असं घालवता येतं, आणि हे सुचायला फार बारकाईनं पाहणारी माणसं लागतात. गोठवण्याची मर्यादा एवढीच की त्यानं सुरुवातीचं पाणी निघतं, शेवटचं निघत नाही. शेवटच्यासाठी आच हवी, आणि तळाला जाळ सोसणारं भांडं असेल तर काम फार सोपं होतं. लोखंडी आणि तांब्याच्या हंड्यांनी हा टप्पा सोपा केला.

वसाहतकऱ्यांचं साहित्य साधं होतं. सुरुवातीला ते कुऱ्हाडीनं खोडात तिरकी खाच पाडत. रस भरपूर येई, पण झाड काही वर्षांत खंगून जाई. पुढे शहाणपण आलं आणि गिरमिटानं छिद्र पाडू लागले. ते झाड स्वतःच बुजवून घेतं. छिद्रात सुमाक किंवा एल्डरच्या फांदीची नळी ठोकत. या फांद्यांचा गाभा मऊ असतो, तो तापल्या सळईनं काढला की नळी तयार. खाली मऊ लाकडाचा ओंडका कोरून केलेली डोणी ठेवत. डोण्यांतला रस बादल्यांत ओतून, खांद्यावर कावडीसारखं जू घेऊन, गुडघाभर बर्फातून हंड्यांपर्यंत आणत. दोन फांद्यांच्या बेचक्यांवर आडवं लाकूड टाकून त्यावर हंडे टांगलेले असत, एकाहून एक लहान. मोठ्यात ताजा रस, तो आटला की मधल्यात, मधल्यातला दाट झाला की लहान हंड्यात. हंगाम ऐन भरात आला की रात्रीही जाळ विझू देत नसत, कारण साठलेला रस दोन-चार दिवसांत बिघडतो. वारा राख उडवी, झाडांच्या साली आणि पानं पडत, धूर रसात मुरे. म्हणून ही साखर तपकिरी, कधी जवळजवळ काळी होई. फ्लॅनेलच्या कापडातून गाळत, काहीजण दूध किंवा अंड्याचा पांढरा भाग घालून मळी वर आणत.

आता ते शेवटचं किलोभर पाणी. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं, सिरप तयार होतं १०४ अंशांच्या आसपास, आणि साखरेसाठी पाक ११५ अंशांच्या आसपास, कडक ढेप हवी तर त्याहून वर न्यावा लागतो. पहिल्या चार अंशांना दिवस-रात्र लागते. पुढचे अकरा अंश बघता बघता चढतात. सिरपपर्यंत हंड्यातले बुडबुडे मोठे, पारदर्शक, लगेच फुटणारे असतात. पुढे ते बारीक आणि जाड होत जातात, फुटताना चिकट आवाज करतात, आणि एकाएकी सगळा पाक सोनेरी फेस होऊन हंड्याच्या काठाशी येतो. त्यासाठी हंड्याच्या तोंडावर दोरीला खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा टांगलेला असे. फेस तिथवर चढला की चरबी किंचित वितळून त्यात उतरे आणि फेस खाली बसे. लोखंडी हंड्याला खालून आणि बाजूंनीही जाळ लागतो, त्यामुळे कडेचा पाक आधी करपतो, आणि एकदा करपल्याची चव लागली की ती अख्ख्या घाण्याला लागते. तीन दिवसांची मेहनत पाच मिनिटांत वाया जाणं म्हणजे काय, हे इथे कळतं.

थर्मामीटर नव्हता. पाक कुठवर आला हे पाहायला बर्फ होता. पळीभर पाक स्वच्छ बर्फावर ओतायचा. तो बर्फात मुरून गेला तर कच्चा. वरच राहून चामड्यासारखा चिवट झाला तर जवळ आला. थंड झाल्यावर कडक होऊन तुटला तर ढेपेसाठी तयार. आपल्या गुऱ्हाळात गुळव्या पाण्यात पाक टाकून गोळी बांधते का पाहतो, तीच ही परीक्षा. दुसरी परीक्षा फार देखणी होती. कोवळी डहाळी वाकवून तिचं लहानसं कडं करायचं, पाकात बुडवायचं आणि त्यातून फुंकर मारायची. पलीकडे लांब, न तुटणारी फीत निघाली की हंडा उतरवायचा. मुलं या वेळी हमखास हजर असत, कारण बर्फावरचा तो चिवट पाक त्यांच्याच वाट्याचा. शेजारीपाजारीही जमत. क्यूबेकमध्ये बर्फावरच्या पाकाचा हा सोहळा आजही दर वसंतात होतो.

हंडा उतरवल्यावरही काम संपत नाही. गरम पाक साच्यात ओतून तसाच ठेवला तर त्याची कडक ढेप होते. थंड होत असताना लाकडी उलथण्यानं सतत घोटत राहिलं तर रवा धरतो आणि सुटी साखर मिळते. हात किती वेळ आणि कधी चालला, यावर रवा बारीक की जाड हे अवलंबून. अनिशिनाबे स्त्रिया लाकडाच्या खास कोरलेल्या डोणीत ही साखर घोटत, आणि त्यांच्या सुट्या साखरेला व्यापाऱ्यांकडे मागणी असे.

सगळ्याच रसाची साखर होत नाही. हंगामाच्या सुरुवातीच्या रसातली साखर जवळजवळ संपूर्णपणे सुक्रोज असते, आणि सुक्रोज सहज रवा धरतं. दिवस उबदार झाले की डोण्यांत आणि छिद्रांत जिवाणू वाढतात, आणि सुक्रोज मोडून त्याचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊ लागतं. या साखरा रवा धरण्याच्या आड येतात. कितीही आटवा, हंड्यात चिकट काकवीच राहते. कळ्या फुगल्या की रसाला उग्र वासही येतो. वसाहतकरी हे रसायन जाणत नव्हते, पण पहिली धार साखरेला आणि शेवटची काकवीला, सिरक्याला, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. १८३२ मध्ये अप्पर कॅनडात आलेल्या कॅथरिन पार ट्रेल यांनी नव्यानं येणाऱ्या बायकांसाठी १८५० च्या दशकात मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात मेपलच्या साखरेला मोठी जागा आहे, आणि त्याच रसाचा सिरका, बिअर कशी करायची हेही आहे. मला ते पुस्तक फार मोलाचं वाटतं, कारण त्यात काहीच वाया जाऊ न देणाऱ्या घराची शिस्त पानोपानी दिसते.

जिथे मेपलची जंगलं नव्हती, तिथे हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटला. १८५० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागात गोड ज्वारी आली, आपल्या ज्वारीचीच रसाळ ताटांची बहीण. कोलूत ताटं पिळून रस आटवत. पण त्या रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज बरंच आणि स्टार्चही, त्यामुळे साखर करण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले. शेतकऱ्यांनी मग काकवीवरच समाधान मानलं, ती पुरेशी दाट केली, पिंपांत आणि बुधल्यांत भरली, आणि वर्ष संपायच्या आत खाऊन टाकली. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गोड ज्वारीवर कित्येक वर्षं काम केलं. तिथेही त्या रसाचं सिरप केलं गेलं.

मेपलच्या साखरेची साठवण भांड्यापेक्षा जागेवर अवलंबून होती. तळघरात बटाटे, सफरचंदं ठेवत, पण तिथे ओल असते आणि साखर हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून साखर कोरड्या जागी, बहुधा माळ्यावर. मूळच्या लोकांकडे भूर्जाच्या सालीचे डबे होते, मुळांच्या दोऱ्यांनी शिवलेले. ते हलके आणि कोरडे राहत. वसाहतकरी लाकडी बादल्या वापरत. पाक थोडा आधी उतरवला असेल तर साखर मऊ राही, आणि महिन्याभरात तिच्यातून काकवी सुटून तळाशी जाई. त्यासाठी बादलीच्या तळाला छिद्रं आणि त्यांत खुंट्या. खुंटी काढली की काकवी निथळून वाटीत येई आणि वर उरलेली साखर अधिक कोरडी, अधिक उजळ होई. चुलीवर जे शेवटचं पाणी निघालं नाही ते असं घरात बसून, सावकाश काढलं जाई.

वापरायची वेळ आली की ढेपेची साखर चाकूनं तासून घेत. मक्याच्या पिठाच्या लापशीवर, बकव्हीटच्या धिरड्यांवर, चहात, रानातल्या प्लम आणि क्रॅनबेरीच्या मुरंब्यात, हॅम मुरवताना मिठाच्या जोडीला. सिरप हवं असेल तर साखरेचा तुकडा पाण्यात घालून चुलीवर विरघळवत. आज सिरपपासून साखर होते. त्या घरात साखरेपासून सिरप होई. इतक्या कष्टानं काढलेलं पाणी चमच्या-चमच्यानं परत घालायचं, तेही त्या दिवशी लागेल तेवढंच. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३२ च्या पहिल्या पुस्तकात विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या १८७० च्या दशकातल्या घराचं चित्र आहे. तिथे रोजची साखर मेपलची, आणि दुकानातून आणलेली पांढरी साखर पाहुणे आले की काढायची. जी फुकट मिळे ती रोजची, जिला पैसे पडत ती मानाची. मेपलच्या चवीला आज जो मान आहे तो तेव्हा तिला तिच्याच घरात नव्हता, याची मला हळहळ वाटते.

कोरड्या ढेपेचा आणखी एक गुण होता: ती गाडीत घालून नेता येई. सांडत नाही, आंबत नाही, वजन करता येतं. गावच्या दुकानात साखर देऊन चहा, मीठ, खिळे घेता येत. १७९१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी थॉमस जेफर्सन यांना मेपलच्या झाडावर एक दीर्घ पत्र लिहिलं. त्यामागे मोठी आशा होती: जंगलातल्या स्वतंत्र शेतकऱ्यांच्या साखरेनं वेस्ट इंडीजच्या गुलामीची साखर बाजारातून हटवायची. जमीनदार विल्यम कूपर यांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमारास मोठ्या प्रमाणावर ही साखर करवून पाहिली. जेफर्सन यांनी मॉन्टिसेलोच्या आपल्या मळ्यात मेपलची ६० रोपं लावली, बहुतेक मेली. योजनाही फसल्या. वर्षातून पाच-सहा आठवडे, हवेच्या लहरीवर, छिद्रागणिक किलोच्या आत मिळणाऱ्या साखरेला बारा महिने चालणाऱ्या मळ्यांशी झुंजता येणं अवघड होतं. तरीही रश यांची आशा मला भाबडी वाटत नाही. आपण चहात काय घालतो ते कुणाच्या पाठीवरच्या वळांतून येतं, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि नुसतं विचारून न थांबता पर्यायही दाखवला.

१८६० च्या अमेरिकन जनगणनेत वर्षाला सुमारे ४ कोटी पौंड मेपल साखर नोंदली गेली. ती भरती होती. त्यानंतर विभागलेल्या सपाट काहिली आल्या. रस एका टोकाला शिरतो आणि दुसऱ्या टोकाला सिरप होऊन बाहेर पडतो. हे यंत्र सिरपशी थांबतं. पुढचं काम वेगळ्या भांड्यात, हातानं. त्याच दशकांत पत्र्याचे डबे स्वस्त झाले आणि सिरप गरम असतानाच हवाबंद करता येऊ लागलं. १८९० च्या जकात कायद्यानं कच्च्या साखरेवरचं आयातशुल्क काढून टाकलं आणि उसाची साखर गरिबाच्याही आवाक्यात आली. गोडीसाठी मेपलची गरज उरली नाही. उरली ती चवीसाठी, आणि चव सिरपमध्ये अधिक खुलते. आज जगातल्या मेपल सिरपपैकी ७० टक्क्यांहून अधिक क्यूबेकमध्ये होतं. तिथल्या उत्पादकांचा राखीव साठा लॉरिएव्हिलच्या गोदामात पिंपांमध्ये, निर्जंतुक करून, हवाबंद ठेवलेला असतो, चांगली वर्षं आणि वाईट वर्षं एकमेकांना जोडण्यासाठी.

टोरंटोच्या किंवा न्यू जर्सीच्या कुठल्याही मराठी घरात ही बाटली आता सापडते, धिरड्यांवरसुद्धा पडते. तिच्या लेबलवर लिहिलेलं असतं की एकदा उघडली की फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर विसरली तर काही आठवड्यांत वर बुरशीचा पातळ पापुद्रा येतो. शेजारच्या फळीवर मेपलच्या साखरेचा तुकडा असेल तर त्याला वर्षभर काही होत नाही.